कोयत्यातलं दुसरं माणूस

वाल्मिकानं गाडीची काच अर्धीच खाली केली. त्या फटीतून चार बोटं बाहेर काढली, हलवली, आणि गाडी पुढं गेली. मी ओसरीवर बाजरी पाखडत होते. सूप हातात तसंच राहिलं. ज्या दारात हे पोर नागडं लोळलं, पडलं, रडलं, त्या दारावरून ते पांढऱ्या गाडीत साहेबाशेजारी बसून गेलं आणि मला काय मिळालं, तर चार बोटं. त्यापेक्षा पुढारी बरा. तो मतं मागायला का होईना, खाली उतरतो, पायाला हात लावतो.

वाल्मिक माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याचे आईबाप दसरा झाला की श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. मीही अठरा हंगाम केले. मग एकदा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना घसरले आणि उजवा गुडघा कायमचा गेला. त्या साली मी जावेला म्हटलं, हे पोर आता माझ्यापाशी ठेव, पाचटात वाढवू नकोस. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दहावी होईपर्यंत दर हंगामाला तो माझ्याच ताटात जेवला. म्हैस राखताना तिच्या पाठीवर बसून पाढे म्हणायचा. एकोणतीसचा पाढा त्या म्हशीलाही पाठ झाला असेल. पुढं नगरला कॉलेज केलं, पुण्याला नोकरी लागली, आईबापांना तिकडं घेऊन गेला. गावातलं त्याचं घर आता कुलूपबंद आहे. नोकरी कसली, तर सरकारी योजनेचा लोकांना खरोखर उपयोग झाला का, हे मोजायची. मी चारचौघींत छाती काढून सांगत होते, आमचा वाल्मिक सरकारची परीक्षा घेतो.

त्यानं आमचीच घेतली.

यादी लागून तेव्हा चार दिवस झाले होते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन पानं चिकटवलेली. मला अक्षर लावत लावत वाचता येतं, पण चष्मा घरी होता, म्हणून नातीला, धनश्रीला, वाचायला लावलं. ती सातवीत आहे, घडाघडा वाचते. वर लिहिलं होतं, ‘एकाच काळात दोन ठिकाणी काम केल्याचे आढळलेले मजूर’. खाली एकतीस नावं. एकतीसच्या एकतीस बायका. तिसरं नाव वाचताना धनश्री अडखळली.

“राजेश्वरी अजिनाथ. आजी, ही आई हाय.”

“पुढं वाच.”

“रोजगार हमीच्या हजेरीवर बोरमाळ, आन त्याच महिन्यांत ऊसतोड, श्रीगोंदा.” ती माझ्याकडं बघायला लागली. “आई तर हितंच हुती. मला रोज सकाळी वेणी कोण घालत हुतं मग?”

त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की या सगळ्यांची जॉब कार्डं बंद केली आहेत, म्हणणं मांडायचं तर ग्रामसभेत मांडा, आणि गावात खोट्या हजेऱ्या लागतात असं ठरलं तर पुढची कामंही थांबतील.

बोरमाळात ही कामं कशी सुरू झाली ते सांगते. आमच्याकडं माळ आहे, दगड आहे, आणि कुसळं आहेत. हिवाळा लागला की गाव रिकामं व्हायचं. राहायची ती माझ्यासारखी मोडकी माणसं, आणि शाळेत दहा-बारा पोरं. चार वर्षांमागं मी बायकांना घेऊन तालुक्याला गेले आणि कामाची मागणी लेखी दिली. कारकून म्हणाला, अर्ज ठेवून जा. मी म्हटलं, पोच दे. तो म्हणाला, पोच उद्या. आम्ही तिथंच भाकरीची फडकी सोडून बसलो. तिसऱ्या प्रहरी पोच मिळाली. पंधरा दिवसांत माळावर चर खणायचं काम निघालं. तेव्हापासून पुरुष तोडीला जातात आणि बायका इथं राहून चर खणतात, बांध घालतात, झाडं जगवतात. माझी सून राजेश्वरी पाण्याची नळी धरून माळाची पातळी काढते आणि फक्कीची पांढरी रेघ मारते. तिच्या रेघेवर खणलेल्या चरात पाणी कधी एका बाजूला पळालेलं नाही. इंजिनियर आला होता, त्यानं नळी स्वतः धरून बघितली आणि गप परत दिली.

अशा बाईला त्या कागदानं खोटारडी ठरवली.

यादी लागली त्याच दिवशी आसाराम मुकादम दारात हजर. तोडीच्या टोळ्या तोच नेतो. वास लागल्यासारखा आला.

“वयनी, यंदा अजिनाथसंगं सूनबाईला धाडा. कार्ड तर बंद झालं. हितं बसून काय करनार?”

“बसून? तुझ्या बापानं खणलेत का माळावरचे चर?”

“तसं न्हाई ओ. फॅक्टरीवाल्याला बी नवरा-बायकोचाच कोयता बरा वाटतो. दोन गड्यांचा कोयता म्हंजी भांडनं, दारू. तुमच्या शेजारच्या सहादेवला मी दुसऱ्या कुनासंगं लावतो.”

“चहा घेतोस?”

“घेतो की.”

“मग घरी जाऊन घे.”

तो गेला, पण राजेश्वरीनं ऐकलं होतं. तिनं माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली आणि धूळ पुसायला लागली. ती पेटी चार वर्षं हलली नव्हती.

मी विचारलं, “काय चाललंय?”

“आत्या, दसऱ्याला तीन आठवडे ऱ्हायलेत.” ती पेटीकडंच बघत होती. “धनश्रीला हितं ठिवली, तर तुमच्या गुडघ्याचं, म्हशीचं, पान्याचं तीच करील. संगं नेली, तर पाचटाच्या कोपीत बसून भाकरी थापील. दोन्हीकडनं तिची शाळा गेलीच. मी सातवीत असतानाच गेल्ते पयल्यांदा.”

“ठेव ती पेटी माळ्यावर.”

“आत्या, कार्ड बंद झालंय.”

“ठेव म्हटलं ना.”

पेटी तिनं वर ठेवली नाही. दाराआड उभी केली. मलाही ती रोज दिसत होती.

तर अशा चौथ्या दिवशी ती काच अर्धी खाली झाली. ग्रामसभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. साहेब सरपंचाकडं उतरला. आणि वाल्मिक, दिवस मावळायच्या आत, मागच्या बाजूनं, गोठ्यातून आला. पायात बूट. अंगणात उभा राहिला.

“मोठी आई, कशी आहेस?”

“कोन ते? मला काचेतनं नीट दिसलं न्हाई.”

तो खाली बघायला लागला. “गाडी ऑफिसची होती. साहेब होते. आणि… यादीत वहिनींचं नाव आहे. मी आधी इथं आलो असतो, तर लोक म्हणाले असते की घरच्यांना सांभाळायला आला.”

“म्हंजी नाव हाय ते तुला ठावं हुतं.”

“यादी मीच केली.”

राजेश्वरी चुलीपुढं होती. तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला, आणि परत सुरू झाला.

मी त्याला बस म्हटलं नाही. म्हटलं, “कशी केलीस ते सांग. उभ्या उभ्याच सांग.”

मग त्यानं सांगितलं. त्याला सांगायची हौस आहे, लहानपणापासून. म्हणाला, आधी सरकार विचारायचं, किती लोकांना काम दिलं, आणि संपलं. पण त्या कामानं लोकांचं तोडीला जाणं थांबलं का, हे कुणालाच कळत नव्हतं. कारण रोजगार हमीची हजेरी एका ऑफिसात, रेशन कार्डाची यादी दुसऱ्या, आणि ऊसतोड मजुरांची यादी तिसऱ्याकडं. वाल्मिकानं त्या तिन्ही वह्या कॉम्प्युटरमध्ये एकमेकींना जोडल्या. माणूस हजेरीत सापडलं, की रेशन कार्डातनं त्याचं घर सापडतं, आणि घरातनं तोडीला कोण जातं ते तिसऱ्या वहीत सापडतं. एकट्या बोरमाळची नाही, सबंध पट्ट्यातली गावं.

“चांगलंय की,” मी म्हटलं. आणि मनापासून म्हटलं. आमच्या कामाचा उपयोग झाला हे कुणी सिद्ध करत असेल, तर मला ते हवंच होतं.

त्याला धीर आला. “चांगलंच आहे, मोठी आई. आणि बोरमाळचा रिपोर्ट वाईट नाही. तीस घरं अशी निघाली, की जी आधी तोडीला जायची आणि आता पूर्ण थांबली. नवरा-बायको दोघंही. ही तीस घरं मी सगळ्यांना उदाहरण म्हणून दाखवतो. आपला सहादेव घे. चार वर्षं झाली, तो आणि पुष्पावती वहिनी दोघंही गावात—”

राजेश्वरी चुलीपाशी हसली. चांगली मोठ्यानं. हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली.

सहादेव चार वर्षं गावात! आमच्या शेजारचा सहादेव, जो दर दसऱ्याला माझ्या अजिनाथाबरोबर एकाच ट्रकात चढतो, आणि पाडव्याला चेहरा काळा करून उतरतो!

“तुला कुनी सांगितलं, सहादेव हितं हुता?”

“तोडीच्या यादीत त्याचं नावच नाही.”

“आन अजिनाथचं?”

“आहे. एक कोयता, अजिनाथ. आणि कोयता म्हणजे दोघं, नवरा आणि बायको. मोठी आई, हे तर मला कुणी शिकवायला नको. आई-बापू एक कोयता होते. तू आणि मोठे बापू एक कोयता होतात. यादीत नाव नवऱ्याचंच असतं, म्हणून बायकोचं नाव मी रेशन कार्डातनं घेतलं. पुण्यातल्या कुणाला हे सुचलं नसतं. सगळे म्हणाले, वाल्मिक, तू आहेस म्हणून बरं.”

इथं ज्यांना तोडीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाच्या फडात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं: एक तोडतं, दुसरं मोळ्या बांधतं. मुकादम वहीत एकच नाव लिहितो. पिढ्यान्‌पिढ्या ते दुसरं माणूस म्हणजे बायको. पण बायका गावात राहायला लागल्या, तेव्हा पुरुषांनी आपसात जोड्या केल्या. अजिनाथाचा दुसरा हात झाला सहादेव. नाव वहीत अजिनाथाचं. सहादेव कुठंच नाही. मग वाल्मिकाच्या कॉम्प्युटरनं काय केलं? अजिनाथाच्या शेजारी राजेश्वरीला नेऊन उभी केली, आणि सहादेवाला घरी आणून झोपवला. एका चरात दोघी खणत होत्या. एकीला शाबासकी मिळाली, दुसरी खोटारडी झाली.

राजेश्वरी पदराला हात पुसत बाहेर आली. “भावजी, तुमचं चुकलंय. ह्यांच्यासंगं कोयत्याला—”

वाल्मिकानं दोन्ही हात वर केले. “वहिनी, नको. इथं घरात ऐकून मी यादी बदलली असं व्हायला नको. माझी नोकरी जाईल ते जाईल, सगळा रिपोर्टच खोटा ठरेल. जे असेल ते उद्या सभेत बोला.”

ती तशीच उभी राहिली. त्याच्या लग्नात वहिनी म्हणून काजळ तिनंच त्याला लावलं होतं. तो वर बघेना.

“बरं,” मी म्हटलं. “सभेत तर सभेत. जेवनार हाईस का?”

“साहेबांकडं…”

“जा मग. गोठ्यातनंच जा, पुढनं लोक बघतील.”

तो गेल्यावर राजेश्वरी परत चुलीपुढं बसली, तेव्हा मी म्हटलं, ऊठ, कोयत्याला कोण कुणाबरोबर असतं ते घरोघर विचारून घेऊ. ती उठली. रात्रीची जेवणं व्हायच्या आत तिनं सगळी घरं फिरून घेतली. माझ्या गुडघ्यानं मला सहा घरांपलीकडं जाता आलं नाही.

सभा शाळेच्या आवारात होती. साहेब खुर्चीवर, शेजारी वाल्मिक आणि त्याचा लॅपटॉप, मागं आमचा ग्रामरोजगार सेवक रामहरी, जो माळावर हजेरी घेतो. पुरुष लिंबाखाली, बायका ऊन चुकवून भिंतीला. आसाराम मुकादम सगळ्यात पुढं, पायावर पाय टाकून.

साहेब बराच वेळ बोलला. योजना चांगली, गाव चांगलं, पण थोड्या लोकांमुळं वगैरे. मग म्हणाला, “एकतीस महिलांपैकी कुणाला काही सांगायचं आहे का?”

मी उठले. काठी टेकत पुढं गेले.

“आजी, तुमचं नाव यादीत आहे का?”

“आजी मी धनश्रीची. हितं बनुबाई म्हना. माझं नाव यादीत न्हाई, पर मला दोन याद्या पायजेत. एक फळ्यावरची. दुसरी ह्या कॉम्प्युटरच्या पोटातली, शाबासकीची, तीस घरांची.”

साहेबानं वाल्मिकाकडं बघितलं. वाल्मिक म्हणाला, “आहे, सर.”

“मग वाच. एक नाव हिच्यातलं, ते मी सांगते. एक तिच्यातलं, तेबी मीच सांगते. तू फक्त हाय का न्हाई एवढं बोलायचं. राजेश्वरी अजिनाथ?”

“फळ्यावरच्या यादीत.”

“पुष्पावती सहादेव?”

“दुसऱ्या यादीत. स्थलांतर थांबलेल्यांच्या.”

“दोघी हितं म्होरं येऊन बसा. जवळ जवळ. अजिनाथ, ऊठ. गेले चार हंगाम तुझा कोयता कुनासंगं?”

माझा मुलगा सभेत बोलायला लाजतो. कान लाल करून म्हणाला, “सहादेवसंगं.”

“मुकादमाच्या वहीत नाव कुनाचं?”

“माझं. एकच घेत्यात.”

“सहादेव, तुझं रे?”

सहादेवाला असली संधी सोडवत नाही. उठून हात जोडले. “काकी, माझं कुटंच न्हाई. मोळ्या बांधून बोटं सोलली, आन सायबांच्या कागदात मी चार वरसं घरी लोळतोय. पुष्पे, मला बघितलंस का गं तू घरी?”

पुष्पावती बसल्या जागेवरून म्हणाली, “बघितलं असतं तर म्हशीचं शेन काढाया लावलं असतं.”

सगळं आवार हसलं. मी काठी आपटली. एक एक जोडी बोलावत गेले. ज्या दोन पुरुषांचा कोयता, त्या दोघांच्या बायका. एक फळ्यावरची, एक शाबासकीची. वाल्मिक पहिल्या चार-पाच नावांना मोठ्यानं बोलत होता. दहाव्या जोडीला त्याचा आवाज बसला. विसाव्या जोडीला तो नुसती मान हलवत होता. मधे एका जोडीत गडबड झाली. कारण त्या दोघांचं भांडण होऊन त्यांनी अर्ध्या हंगामात जोडीदार बदलले होते, आणि ते तिथंच पुन्हा भांडायला लागले. त्यांना खाली बसवलं. शेवटी आवारात साठ बायका दोन दोन करून बसल्या होत्या, शाळेत पोरं बसतात तशा.

साहेब लबाड नव्हता, पण साहेब होता. म्हणाला, “बनुबाई, हे सगळं तोंडी झालं. गाव एकत्र आलं की काहीही म्हणू शकतं. कागद काय आहे? रोजगार हमीचे फोटो आम्ही बघितले, त्यात कुणाचं तोंड दिसत नाही.”

खरं होतं ते. माळावर वारा असतो, सगळ्या पदर दातात धरून उभ्या राहतात. त्या फोटोत मला माझी सूनही ओळखू आली नसती. मी रात्रभर जोड्यांचाच विचार केला होता. कागदाचा केला नव्हता. आसारामानं पाय बदलला ते मला दिसलं.

तेव्हा राजेश्वरी उठली.

“सायेब, तुमी तीन वह्या जोडल्या. चौथी ह्या खोलीत हाय.” तिनं शाळेच्या ऑफिसकडं हात केला. “दर महिन्याला पालकांची सभा असती. आईची सही लागती. ती वही आना.”

मास्तर धावतच गेले. पालक सभेची वही आणली. साहेबानं ती वाल्मिकापुढं सरकवली. त्यानं पानं उलटली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. राजेश्वरीची सही मला लांबूनही ओळखू येते. ती ‘श्व’ला भलतीच मोठी शेपटी काढते. चारही वर्षं, प्रत्येक महिन्याला. शेजारी बाकीच्यांच्या सह्या, अंगठे. ज्यांना शाळेत पोर नाही अशा पाच-सहा होत्या. त्यातल्या चौघींची नावं अंगणवाडीच्या रजिस्टरात निघाली, आणि राहिल्या त्यांच्यासाठी आमची नर्सबाई स्वतः उभी राहिली, कुणाला कधी सुई दिली ते वहीसकट घेऊन.

वाल्मिक वाचत राहिला. शेवटी वही मिटली आणि म्हणाला, “सर, माझी चूक आहे. कोयता म्हणजे जोडपं, असं मी धरून चाललो. दुसरं माणूस कोण, हे कुठल्याच वहीत नव्हतं, आणि मी विचारलं नाही.” मग थोडा थांबला. “या बायका गेल्याच नाहीत. तीस नाही, साठ राहिल्या. बायकांचं थांबणं मी निम्मंच मोजलं, आणि फडात गेलेल्या तीस पुरुषांना घरी मोजलं.”

साहेब म्हणाला, “मग एकतिसावं नाव?”

भिंतीपाशी एक पोरगी एकटीच बसली होती. आसाराम मुकादमाची सून, निकिता. तिच्या नवऱ्याचं नाव तोडीच्या यादीत, तिचं हजेरीत, आणि तिला जोडीच नव्हती. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. आसाराम म्हणाला, “आता ऱ्हाऊ द्या की, एक नाव इकडं तिकडं—”

“न्हाई,” मी म्हटलं. “खोटं ते खोटंच. आमी यादी फाडाया आलो न्हाई, नीट कराया आलो. निकिता, भिऊ नगं. कुठं हुतीस?”

ती उठली. पदर सारखा केला. सासऱ्याकडं तिनं बघितलं नाही. “संगमनेरला. ह्यांच्यासंगं फडात. तीन वरसं. माझं कार्ड मामांकडं असतं. माझी हजेरी लागती हे मला ही यादी लागली तवा कळलं.”

रामहरी मागं घाम पुसायला लागला. “सायेब, मुकादम म्हणले, सून येतीय, उशिरा येतीय…”

आसारामाचा वरचा पाय खाली आला.

साहेबानं तिथंच सभेच्या वहीत लिहिलं: तीस जॉब कार्डं सोमवारपासून परत चालू, निकिताच्या कार्डाची चौकशी, आणि जाब तिच्या सासऱ्याला व रामहरीला. मी धनश्रीकडून दोनदा वाचून घेतलं, मग सगळ्या बायकांनी सह्या केल्या. राजेश्वरीनं ‘श्व’ची शेपटी खालच्या ओळीपर्यंत ओढली.

घरी आले तर पेटी दाराआड नव्हती. राजेश्वरी माझ्या आधी पोचली होती.

मी ओसरीवर पाय लांब करून बसले. गाडीचा आवाज आला. दारात थांबली. काच पूर्ण खाली गेली, मग दार उघडलं, आणि वाल्मिक उतरला. एकटाच. साहेब आत बसून मोबाईल बघत होता. वाल्मिकानं अंगणाच्या कडेला बूट काढले, मोजे काढले, मोजे बुटात कोंबले. लहानपणी शाळेतनं आल्यावर करायचा तसंच. पुढच्या दारानं आला. ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. पलीकडं पाच-सात जणी रेंगाळल्या होत्या, सहादेव होता, पुष्पावती होती. त्यानं त्यांच्यादेखत मान खाली घातली.

“मोठी आई, चुकलो. तू काय म्हणशील ते.”

राजेश्वरी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. धनश्रीनं पाण्याचा तांब्या आणला होता; मी हातानंच तिला थांबवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“ऐक मग. तू खोटारडा न्हाईस, आन वह्या जोडायचं तुझं काम बी वाईट न्हाई. आज त्याच कामानं आमचं खरं निघालं. तुझा गुन्हा येगळा हाय. पुन्याचा कुनी परका आला असता, तर त्याला कोयता म्हंजी काय ते ठावं नसतं. त्यानं इचारलं असतं. तुला ठावं हुतं, म्हणून तू इचारलं न्हाईस. तुझ्या मनात अजून तुझी आई फळीवर मोळी चढवतीय. ती पुन्यात पंख्याखाली बसलीय रं, आन आमी बी फळीवरनं कवाच उतरलो. आमचं उतरनं तुला दिसलं न्हाई. तुझी वयनी खोटी हजेरी लावील, हे तुला पटलं. पर तिला एक फोन करावा, हे न्हाई सुचलं. आता शिक्षा ऐक. गाडी माघारी धाड. तू खोटी ठरवलेली तीस घरं हाईत. चालत जायचं, चपला काढायच्या, खाली बसायचं, दरेकीला इचारायचं, बाई, तू कुटं हुतीस. ती सांगंल ते लिवायचं, मग तुझ्या कॉम्प्युटरला सांगायचं. निकिताच्या घरी बी जायचं, आन ते तिच्या सासऱ्याच्या म्होरं इचारायचं. पयलं घर हे. ती बघ, उंबऱ्यात हुबी हाय. बस खाली, आन इचार तिला.”